नाडीवैद्याची नळी

१२ जानेवारी

मेहुणेबुवा,

आडवे असाल तसेच राहा. उठून नमस्कार करायला जाल आणि उरलेला एखादा मणका सरकेल, मग तुमची लेक माझ्या नावाने बोटं मोडेल. तुझ्या एका मणक्यापायी सगळी व्हॅन माझ्या गळ्यात आली आहे, तेवढं पुरे.

पत्र कशाला, फोन का नाही, असं तुला वाटेल. फोनला मी वैतागलोय. या कंपन्यांनी आवाजाचा दर्जा इतका पाडलाय की समोरचा माणूस उशीत तोंड खुपसून बोलतोय असं वाटतं. त्या दिवशी तू बराच वेळ बोललास, त्यातलं मला ‘पाठ’ तेवढं कळलं. तेव्हा यापुढे लिहायचं. लिहिताना कोणाला तोंडातल्या तोंडात बोलता येत नाही.

धंदा झकास. आपल्या कृपावंत गिऱ्हाइकांच्या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कार आहेत तशाच आहेत, म्हणजे बंद. त्या चालत आपल्यापर्यंत येऊ शकल्या असत्या तर आपल्याला दारोदार व्हॅन घेऊन फिरायला कोणी बोलावलं असतं? तुझ्या सीटवर मी स्पार्क प्लगची खोकी ठेवली आहेत. तुझ्यापेक्षा कमी बोलतात.

काल दंतवैद्याकडे गेलो होतो. त्याने त्या लाल गाडीसाठी फरशी बसवलेली वेगळी खोली बांधली आहे. त्याच्या दवाखान्यात पेशंट लाकडी बाकावर बसतात आणि गाडीला पंखा आहे. ऑइलचा थेंब फरशीवर पडू नये म्हणून खाली स्टीलचं ताट. स्वतः कातडी हातमोजे घालून आत बसतो, गाडी फाटकापर्यंत नेतो, परत आणतो आणि घाम पुसतो.

मी रबरी नळी काढली तशी शेजारपाजारची माणसं गोळा झाली. ‘नाडीवैद्य आले, नाडीवैद्य आले.’ नळीचं एक टोक कानाला, दुसरं पहिल्या कार्ब्युरेटरच्या तोंडाशी, मग दुसऱ्याच्या. दोघांची फुसफुस सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. तुला सांगतो, या खेपेला असा जुळवला की इंजिन चालू आहे की बंद तेच कळेना. शेवटी बॉनेटवर हात ठेवून पाहिलं तेव्हा थरथर लागली. इतकं मऊ काम या हातून पूर्वी झालेलं नाही.

तुझ्या ताईचं मात्र काहीतरी बिनसलंय. घरात पुटपुटल्यासारखं बोलते आणि मग एकदम अंगावर ओरडते. मधला आवाज तिने टाकूनच दिलाय. तू भाऊ आहेस, विचारून बघ.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस.

तुझा भाऊजी


२१ जानेवारी

भाऊजी,

माझा हात सध्या जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत वाकून नमस्कार. म्हणजे पलंगाच्या कडेपर्यंत.

लेकीने फळीवर झोपवलंय. जावई रोज सकाळी दारात उभे राहून ‘आता बरं वाटतंय ना?’ विचारतात. पहिल्या आठवड्यात त्यात काळजी होती. आता नुसती चौकशी आहे. परवा माझ्यासमोरच आगगाड्यांचं वेळापत्रक चाळत होते.

तुमचं पत्र वाचून एका गोष्टीचा घोर लागला. दंतवैद्याचं इंजिन चालू आहे की बंद ते कळेना म्हणता? अहो, उभ्या आयुष्यात मी एकच शांत ब्रिटिश गाडी पाहिली, आणि तिचं इंजिन आपण दुरुस्तीला बाहेर काढलेलं होतं. या गाड्या उभ्या असताना खोकतात, चालताना कण्हतात, आणि बंद केल्यावरही दोन उचक्या देतात. त्या लालीचा एक्झॉस्ट तर गल्लीच्या टोकाला ऐकू येतो. ती गप्प कशी झाली?

व्हॅनमध्ये डाव्या खणात, चिंध्यांच्या खाली, हवेचा ओढा मोजायचं मीटर आहे. मागे मी आणलं आणि तुम्ही ‘पोरांचं खेळणं’ म्हणून खाली दाबलंत, तेच. एकदा लावून बघा. कार्ब्युरेटरच्या तोंडावर ठेवायचं, आत काटा हलतो. दोन्हीकडे काटा सारखा आला की झालं. तुमच्या कानावर माझा भरवसा नाही असं नाही. पण एकट्याने काम करताना कोणीतरी दुसरं ‘हो’ म्हणणारं असलेलं बरं.

ताईशी बोललो. ती म्हणाली, ‘मला काही झालेलं नाही.’ आणि हसली. मग हसायची थांबली.

तुमचा आडवा मेहुणा


३ फेब्रुवारी

मेहुण्या,

मीटर? मला मीटर? ज्यांच्या डोक्याला दोन्ही बाजूंनी नुसत्या शोभेच्या पाळ्या आहेत त्यांनी मीटर लावावं. तू काल आलास या धंद्यात, तुला पान्हा धरायला मी शिकवलं. रस्त्यावरून गाडी गेली तर तिचा कितवा टॅपेट सैल आहे ते मी जेवता जेवता सांगायचो, विसरलास? फळीवर पडून पडून तुझा मेंदूही सपाट झालाय.

दंतवैद्याने पुन्हा बोलावलं होतं. गाडी काळा धूर सोडते म्हणे, आणि पेट्रोल पिते. बराच वेळ हातवारे करून बोलत होता. हल्ली या शिकल्यासवरल्या लोकांना तोंड उघडून बोलायला काय होतं कोण जाणे, आणि हा तर दिवसभर दुसऱ्यांना ‘तोंड उघडा’ सांगणारा. मी मान डोलावली. गिऱ्हाइकाला डोलणारी मान फार आवडते. तू नेहमी वाद घालायचास, म्हणून तुला कोणी चहा विचारायचं नाही.

आता गंमत ऐक. चार दिवसांनी न्यायाधीश घरी आले. तेच, हिरव्या गाडीवाले, ऐंशी ओलांडलेले, चाकं तारांची असलेले. शेजारच्या सीटवर कोणालाही बसू देत नाहीत, ती दिवंगत बायकोची म्हणतात. बायको होती तेव्हा ती या गाडीत पाय ठेवायला तयार नव्हती, ही गोष्ट वेगळी. तर ते आले, माझे दोन्ही हात हातात घेतले आणि एक नकाशा दिला. तुझ्या ताईने मग ओरडून उलगडा केला. त्यांच्या क्लबची घाटातून सहल आहे, सगळ्या गाड्या निघायच्या आधी मी तपासून द्यायच्या, आणि मी हे दंतवैद्याकडे कबूल केलेलं आहे!

मी कधी कबूल केलं ते आठवत नाही. पण क्लबच्या सगळ्या गाड्या एका माणसाच्या हाताखालून जाणार, असा मान आपल्या धंद्यात आजवर कोणाला मिळालाय? तेव्हा कबूल केलं तर केलं. न्यायाधीशांचा मुलगा म्हणे ती गाडी विकायला टपलाय. बँकेत मोठा साहेब आहे. बापाला आता रिक्षा बरी, असं त्याचं मत. म्हातारबुवा म्हणतात, ‘या घाटात जाऊन येतो, मग बघू कोण मला म्हातारा म्हणतं.’

जावयाला वेळापत्रक पाठ झालं का?

भाऊजी


९ फेब्रुवारी

भाऊजी,

अभिनंदन करावं की हात जोडावेत ते कळत नाही. दोन्ही करतो, मोकळाच आहे.

गंमत बाजूला ठेवून एक लिहितो. त्या क्लबात निम्म्या गाड्यांना तारांची चाकं आहेत. चाकाला एकच मोठा नट, मधोमध, दोन कानांचा. तो पान्ह्याने आवळत नाहीत, तांब्याच्या हातोड्याने त्याच्या कानांवर ठोकून बसवतात. किती ठोकायचं ते तुम्हीच मला शिकवलंत: भद्द वाजलं तर मार, ठण् वाजलं तर थांब. त्याला मीटर नाही, खूण नाही, नुसता आवाज. घाटात एकही नट भद्द राहिला तर काय होईल ते मी तुम्हाला सांगायला नको.

मला येऊ द्या म्हटलं तर डॉक्टर नाही म्हणतात. जावई हो म्हणतात, पण ते डॉक्टर नाहीत. म्हणून एक विनंती. तपासणीला ताईला सोबत न्या. तिला बाहेर पडायला मिळत नाही, मोकळी हवा लागेल, चहाचा थर्मास धरेल. मी जे सांगतोय त्यात तुमच्या मानपानाचा काही प्रश्न नाही.

मी फोन केला होता. तुम्ही उचललात, तीन वेळा ‘हं हं’ म्हणालात आणि ठेवून दिलात. मी विचारलं होतं, ‘भाऊजी, डॉक्टरला कधी दाखवताय?’

मेहुणा


२० फेब्रुवारी

मेहुण्या,

फोनचं पुराण पुरे. आणि मला कोणत्या डॉक्टरला दाखवायचंय? मी उभा आहे, आडवा तू आहेस.

काल तपासणी झाली. मैदानावर गाड्यांची रांग, मालक टोप्या घालून, गॉगल कपाळावर चढवून उभे. प्रत्येकाला वाटत होतं आपणच शर्यत जिंकून आलोय. त्यातल्या तिघांनी गाड्या टेम्पोवर चढवून आणल्या होत्या, पण त्यांचे गॉगल सगळ्यांत मोठे.

तुझी ताई आलीच. म्हणे सहज. मी चाकाला हातोडा मारायचो, ‘झालं’ म्हणायचो, आणि ही शेजारी थर्मास घेऊन उभी, म्हणायची, ‘अजून एक.’ मी मारायचो. ‘अजून एक.’ जन्मात हिने खिळा ठोकला नाही, आणि मला नट शिकवते! पण बाईमाणसाला चारचौघांत काय बोलायचं, म्हणून मारत गेलो. दोन-तीन गाड्यांनंतर तर ती बोट वर करून दाखवायला लागली. मला आपलं कौतुक वाटलं, चाळीस वर्षांनी का होईना नवऱ्याच्या धंद्यात रस घेतला.

शेवटी न्यायाधीशांची हिरवी. तोवर सगळी मंडळी भोवती जमली होती. मी पुढचं डावं चाक ठोकत होतो, हिचं बोट चालूच. दंतवैद्य शेजाऱ्याच्या कानाशी लागून काहीतरी बोलला आणि सगळे हसले. काय बोलला ते मला कळलं नाही, पण हिच्याकडे बघून हसले आणि मग माझ्याकडे. मेहुण्या, या लोकांनी मला नाडीवैद्य म्हणून डोक्यावर घेतलंय. मी हिला म्हटलं, ‘जा, व्हॅनमध्ये बस आणि चहा ओत.’ जरा मोठ्यांदा म्हटलं असेन. गेली.

मग मी एकट्याने ते चाक बसवलं. हाताला कळतं रे. इतक्या वर्षांच्या हाताला कळतं. न्यायाधीशांनी माझ्या खांद्यावर थोपटलं.

परवा सहल. तुझ्या फळीवरून हात हलव.

भाऊजी


२७ फेब्रुवारी

बाळा,

ताईचा आशीर्वाद. पाठीला जपतोस ना?

फोनवरच बोलले असते. हे पलीकडच्या खोलीत असले तरी ह्यांना ऐकू जात नाही, तेवढी एक सोय आता घरात आहे. पण बोलताना रडू आलं असतं, म्हणून लिहिते.

घाट उतरताना न्यायाधीशांच्या गाडीचं पुढचं डावं चाक निघालं. ते म्हणतात, आपल्यापुढे एक चाक पळताना दिसलं, वाटलं कोणाचं तरी पडलं, बिचाऱ्याला सांगायला हवं. मग गाडी कलली आणि घासत दगडी कठड्याला जाऊन टेकली. खांदा निखळला, कपाळाला टाके पडले. तिथे कठडा होता. पुढच्या वळणाला नाही, मी मुद्दाम जाऊन बघून आले.

काल दंतवैद्याच्या त्या फरशीच्या खोलीत क्लब जमला. गाडीला पंखा लावला होता, आम्ही घामाघूम. ह्यांना मध्ये खुर्ची दिली. न्यायाधीशांचा मुलगा उभा राहिला आणि ह्यांना विचारलं, ‘तुम्ही गाडी दिलीत तेव्हा चाक पक्कं होतं ना? म्हणजे नंतर बाबांनीच काहीतरी उचापत केली असणार?’ अरे, तो खालमानेने, मोबाइलकडे बघत विचारत होता. ह्यांना ओठसुद्धा दिसले नसतील. ह्यांनी मान डोलावली. त्याने पुन्हा विचारलं. ह्यांनी पुन्हा डोलावली, वर हसले.

न्यायाधीश हात गळ्यात बांधून कोपऱ्यात बसले होते. ह्यांच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, ‘नाडीवैद्य म्हणतात तर माझंच काही चुकलं असेल. वय झालं.’ आणि डाव्या हाताने खिशातून किल्ली काढून टेबलावर ठेवली. मुलाने ती उचललीसुद्धा. मार्चअखेरीला गिऱ्हाईक गाडी न्यायला येणार आहे. मी बोलायला उठले होते, परत बसले. कोणाकोणासमोर ह्यांना उघडं पाडायचं?

परतताना व्हॅनमध्ये मी ओरडून सांगितलं, तुम्ही कशाला मान डोलावलीत ते. ह्यांनी व्हॅन रस्त्याच्या कडेला घेतली. म्हणाले, ‘मला वाटलं, सगळं ठीक आहे ना, असं विचारतायत.’ मग म्हणाले, ‘चाक पक्कंच होतं. म्हाताऱ्यानेच खोललं असेल.’ तेव्हापासून अंगणात व्हॅनमध्ये बसून आहेत. जेवण तिथेच नेऊन देते.

चाक पक्कं नव्हतं. मी चहा ओतत होते तिथपर्यंत शेवटचा ठोका ऐकू आला होता. तू फोनवर शिकवलं होतंस तसा, भद्द वाजला. वाटलं, जावं परत. पण चारचौघांत घालवून दिलं होतं मला. म्हटलं, बसा ठोकत. आणि चहा ओतत राहिले.

तू लिही ह्यांना. माझं ओरडणं ऐकू जातं, पण आत पोचत नाही.

ताई


३ मार्च

भाऊजी,

आज वर चेष्टेचा मजकूर नाही.

तुमचे कान गेलेत. आज नाही, कधीचे. हे ताईला माहीत आहे, मला माहीत आहे, माझ्या लेकीला माहीत आहे, फळीवरचा माणूस पत्रं का वाचत बसलाय ते जावयांनाही कळलंय. तुम्हालाही माहीत आहे, नाहीतर तुम्ही फोन सोडून पत्रांवर आला नसता.

आणखी एक सांगतो, ते वाचून हवं तर पुन्हा माझं तोंड बघू नका. गेली काही वर्षं तुम्ही नळी लावून कार्ब्युरेटर जुळवायचात आणि हात धुवायला जायचात. तेवढ्या वेळात मी नळी घेऊन ते पुन्हा जुळवायचो. कधी पाव फेरा, कधी अर्धा. तुम्ही येईपर्यंत नळी जागेवर. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘वा, नाडीवैद्य!’ आणि तुम्ही मान डोलवायचात. मला त्याचं काही वाटत नव्हतं, ही चेष्टा माझ्या एकट्याची होती आणि मला ती आवडायची. दंतवैद्याची गाडी काळा धूर सोडते, कारण ती पहिल्यांदाच खरोखर तुमच्या कानावर चालतेय.

चाकांचंही तेच. तुम्ही ठोकायचात, मी पलीकडून ‘अजून एक मारा’ म्हणायचो. आठवतं? तुम्ही म्हणायचात, मी भित्रा आहे.

माझ्यावर रागवा, पत्र फाडा, बोलू नका, मला चालेल. पण एका म्हाताऱ्याला तुम्ही कड्यावरून ढकलता ढकलता राहिलात, आणि वर मान डोलावून त्याला खोटं पाडलंत. त्याची गाडी जायच्या आधी त्याच्याकडे जा. ताईला घेऊन जा. आणि या वेळी तिला चहा ओतायला पाठवू नका.

मेहुणा


२९ मार्च

मेहुण्या,

तुझं पत्र फाडलं. तुझ्या ताईने तुकडे जोडून पोळीच्या डब्याखाली ठेवलं, म्हणजे रोज दोन वेळा दिसेल. तिचं डोकं तुझ्यापेक्षा बरं चालतं.

तीन दिवस तुला शिव्या दिल्या. हात धुवायला जायचो तेव्हा! मी ग्रीस काढायला साबण चोळत होतो आणि तू माझ्या नावाचे स्क्रू फिरवत होतास. तुझा मणका सरकला ते योग्यच झालं, असंही एकदा म्हटलं. मग तुझ्या ताईला घेऊन गेलो न्यायाधीशांकडे. कबूल करायला गेलो असं समजू नकोस. तू खोटा आहेस हे बघायला गेलो.

गाडी पोर्चमध्ये तीन चाकांवर आणि एका लाकडी ठोकळ्यावर उभी. म्हातारबुवा शेजारी खुर्ची टाकून बसलेले, हात अजून गळ्यात. मी हातोडा काढला. मागच्या चाकाचा नट मुद्दाम सैल केला आणि त्यांना म्हटलं, मी ठोकतो, आवाज बदलला की बोट वर करा. तुझ्या ताईला म्हटलं, तू तोंड बंद ठेव. ठोकायला लागलो. माझ्या मते झालं, मी थांबलो. त्यांचं बोट खाली. मी बघत राहिलो. त्यांचं बोट खालीच. पुन्हा मारला, पुन्हा मारला, माझ्या कानाला सगळे सारखेच. हातालाही काही कळलं नाही, उगाच फुशारकी मारली होती. मग त्यांनी बोट वर केलं. तुझ्या ताईनेही त्याच क्षणी मान हलवली.

मी पायरीवर बसलो. हातोडा खाली ठेवला आणि सांगितलं. चाक मी सैल सोडलं, मला ऐकू येत नाही, आणि तुमच्या मुलाने काय विचारलं ते न कळताच मी मान डोलावली. लाज वाटली, मेहुण्या. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

म्हातारबुवा खुर्चीत पुढे सरकले. मग मला ऐकू जाईल अशा आवाजात, कोर्टात बोलत असतील तसं, म्हणाले, ‘उलटलेले साक्षीदार मी पुष्कळ पाहिले. स्वतःवरच उलटलेला तुम्ही पहिलाच.’ आणि लगेच, ‘आता हेच माझ्या मुलासमोर. आणि त्या दातवाल्यासमोर.’

दोघांसमोर सांगितलं. मुलाचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. त्याने किल्ली दिली, पण अशी, की जणू दात उपटून देतोय. दंतवैद्याला त्याची सवय आहे, तो मजेत बघत होता. क्लबने माझं काम काढून घेतलं. गॉगलवाले एकेक करून मला सांगून गेले की त्यांना आधीपासूनच संशय होता. ज्यांच्या गाड्या टेम्पोवरून उतरल्या होत्या ते सगळ्यांत आधी. दंतवैद्य म्हणाला, नाडीवैद्य ही पदवी त्यानेच दिली होती, तेव्हा परत घेतो. म्हटलं, घे, ताटात ठेव गाडीखाली.

कानाचं यंत्र बसवलं. आता तुला त्याबद्दल सांगतो. पहिलं काय ऐकलं असेल तर आपली व्हॅन. अरे, ही व्हॅन आहे की भंगारवाल्याची हातगाडी? इतकी वर्षं तू यात माझ्या शेजारी बसून एक शब्द बोलला नाहीस? मग गिऱ्हाइकं ऐकली. ती स्पष्टच बोलत होती. काय बोलतात ते आता कळतं, आणि वाटतं, त्यांच्यापुढे मान डोलवत होतो तेच बरं होतं. तुझी ताई स्वयंपाकघरात जे पुटपुटायची तेही ऐकलं. बरंचसं माझ्याबद्दल आहे. बरंचसं खरं आहे.

सगळं ऐकू येतं. घड्याळ, नळाचं ठिबकणं, शेजाऱ्याची शिंक, बातम्या. मग न्यायाधीशांच्या गाडीपाशी, म्हणजे आता क्लबातली ती एकच गाडी माझ्याकडे आहे, मी नळी काढली. कानाला लावली. यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. नळी जरा दूर धरली तर फुसफुस पोचेना, जवळ धरली तर शिट्टी. यंत्र काढून लावली, तर काहीच नाही. जगातली सगळी फालतू बडबड परत मिळाली आणि ज्याच्यावर मी जगलो तो एवढासा आवाज तेवढा आला नाही. वाईट वाटलं. बॉनेटला टेकून उभा राहिलो आणि म्हातारबुवा समोर आहेत तरी डोळे पुसले.

तुझ्या ताईने नळी माझ्या हातातून घेतली. कानाला लावली, डोळे मिटले आणि म्हणाली, ‘डावा जास्त ओढतोय.’ मी स्क्रू फिरवला. ‘अजून.’ फिरवला. ‘बस.’ नंतर चिंध्यांखालचं तुझं मीटर काढून दोन्ही तोंडांवर लावून पाहिलं, तर काटा दोन्हीकडे सारखा. म्हातारबुवा म्हणाले, ‘वहिनी, बायकोच्या सीटवर बसता का, एक चक्कर मारू.’ ही लगेच बसली. खांदा नुकताच मोकळा झालेला ऐंशीचा माणूस आणि माझी बायको, पुढे दिसेनाशी होईपर्यंत मी चार चाकं मोजत होतो.

तू बरा झालास की व्हॅनमध्ये तुझी जागा आहे, पण मागे. पुढची सीट आता तुझ्या ताईची.

हे पत्र मिळालं की फोन कर. ओरडू नकोस, नेहमीसारखा बोल. आणि मी मध्येच ‘हं’ म्हणालो, तर तिथल्या तिथे थांबव आणि विचार, ‘भाऊजी, मी आत्ता काय म्हणालो?’ सांगता आलं नाही तर फोन तुझ्या ताईकडे द्यायला लाव.

भाऊजी